किती खोल

हायवेवरचे ट्रक चालू ठेवून खालून पाण्याचा पाइप न्यायचा, हे आमचं काम. पलीकडून मशीन जमिनीत रॉड ढकलतं आणि मी अलीकडे लोकेटर हातात धरून, ड्रिलचं टोक खाली कुठवर आलं ते बघत चालतो. उमरग्याजवळच्या त्या शेतात सिद्धम्मा आजी सकाळपासून माझ्या मागं-मागं होत्या.

"आता किती खोल हाय?"

"नऊ फूट."

चार पावलं गेलो की पुन्हा तेच. "आता?"

"आठ. पुढं बाहेर काढायचंय, म्हणून टोक वर-वर येतंय."

त्या पुढं जायच्या, तुरीच्या कडेला एका मोकळ्या तुकड्यावर जाऊन थांबायच्या, लगेच माघारी यायच्या. त्यांना बघून माझेच पाय जागेवर ठरेनात. शेवटी वैतागलो. "आजी, उगं जीव टांगणीला लावू नका. आम्ही चर खणत नाही. वरचं पानसुद्धा हलणार नाही."

"व्हय. पण आता किती?"

"सहा."

त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि त्या मोकळ्या तुकड्यावर बसून जमिनीला तळहात लावला.



"वरचा समाधीचा चौथरा रस्ता रुंद करताना कवाच नेला, साहेब. पण आमच्यात माणसाला बसवून पुरत्यात. आमचे मालक अजून खालीच बसलेत."