आठ दिवसांचं सामान

बॅग डिकीत ठेवतानाच सासऱ्यांच्या मनात पाल चुकचुकली. सूनबाई नातीला घेऊन आठ दिवस बहिणीकडे चाललेली, आणि बॅग अशी की उचलताना त्यांची कंबर बोंबलली. वरच्या कप्प्याची चेन लागत नव्हती म्हणून त्यांनी आत हात घातला, तर नातीचा स्वेटर आणि त्याखाली रेनकोट. आता बोला! आठ दिवसांत असे कुठले दोन-दोन ऋतू येणार होते?

बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून त्यांचं आयुष्य गेलेलं. जो फार मन लावून खिडकीबाहेर बघतो, त्याच्याकडे तिकीट नसतं, हे त्यांना चढतानाच कळायचं. आणि आता ते गाडी चालवत होते, तर मागे बसलेली सून घर सोडल्यापासून खिडकीबाहेरच बघत होती. शेजारच्या सीटवर बायकोही तोंड मिटून बसलेली. एरवी कोपऱ्यावर भाजी आणायला जातानासुद्धा तिची टकळी चालू असते.

शिवाय काल सून सासूला वॉशिंग मशीन शिकवत होती. कुठलं बटण आधी, साबण किती. आठ दिवसांसाठी जाणारी बाई मशीन शिकवते होय? कपडे साठवून ठेवा म्हणाली असती आणि गेली असती.

"परतीचं विमान कधीचं आहे?" त्यांनी आरशात बघत विचारलं. सून बाहेरच बघत राहिली. "अगं, तुला विचारतोय. घ्यायला कधी येऊ?"

"आजोबा, आईला त्या कानाने ऐकू येत नाही," नात म्हणाली. "मोठ्याने बोला ना."

त्या कानाचा पडदा कसा फाटला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लेकाचा हात जरा लवकर उठतो, एवढं बोलून त्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. तेही बसले होते.

"कळवते, बाबा," सून म्हणाली.

कळवते म्हणे! त्यांनी आरशात नातीकडे पाहिलं. ती खिडकीच्या काचेवर बोटाने विमान काढत होती. हिच्याशिवाय घर! ती नीट दिसावी म्हणून त्यांनी आरसा जरा खाली वळवला.

तेवढ्यात समोर लावलेला फोन वाजला. लेकाचा. त्यांनी बटण दाबलं आणि त्याचा आवाज गाडीभर झाला.

"बाबा, कुठवर पोचलात? मी घरी आलोय. तिचं कपाट रिकामं आहे. गाडी फिरवा, आत्ताच्या आत्ता. पुढचं मी बघतो."

फोन बंद झाला. विमानतळाची पाटी दिसू लागली होती, आणि तिच्या अलीकडे गाडी वळवायची शेवटची जागा. त्यांनी वेग कमी केला, इंडिकेटर दिला. मागच्या सीटवर सुनेने लेकीला जवळ ओढून घट्ट धरलं.

"बघितलंस?" ते बायकोला हळूच म्हणाले. "सकाळपासून मला वास येतोय. ही काही परत येत नाही, सांगून ठेवतो."

"मला माहीत आहे," बायको समोर बघतच म्हणाली. "जा म्हणून मीच सांगितलं तिला. अहो, जरा जोरात चालवा."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. ते बायकोकडे बघत राहिले. इतकी वर्षं लोकांचे खिसे ओळखले, आणि शेजारच्या उशीवरचं माणूस ओळखता येऊ नये! फोन पुन्हा वाजायला लागला. त्यांनी तो वाजू दिला, इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घेतली.

गेटपाशी त्यांनी स्वतःच बॅग उतरवून ट्रॉलीवर चढवली. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. सून पाया पडायला वाकली, तेव्हा ते तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला आले.

"बहिणीकडे जात नाहीयेस, ते कळलंय मला," ते म्हणाले. "कुठे चाललीस ते सांगू नकोस. पोचल्यावर फोनही करू नकोस. मी बाप आहे त्याचा. त्याने खोदून विचारलं, तर सांगून बसेन."