माफीचं पान

देवाजीनं मथळ्याचा रंग चौथ्यांदा बदलला. लाल केला तर ते लग्नपत्रिकेसारखं दिसलं, हिरवा केला तर निवडणुकीच्या पत्रकासारखं. शेवटी काळाच ठेवला. माफीला रंग कशाला पाहिजे?

भिलाईतल्या विदर्भाकडच्या दीडशे घरांचं एक स्नेही मंडळ होतं आणि त्याची वेबसाइट देवाजी सांभाळायचा. स्टील प्लांटच्या हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातून रिटायर झाल्यावर सुनेनं, सीमानं, त्याला शिकवलं होतं. पासवर्ड टाकून आत कसं शिरायचं, मेनू वर-खाली कसा करायचा, फोटो कसा चढवायचा. दोन वर्षांत गडी असा रंगला की साइटला कोणी नाव ठेवलं तर त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच तिळपापडानं घात केला. दसऱ्यानंतरच्या सभेत कवडू उभा राहिला. कवडू म्हणजे चाळीस वर्षांचा दोस्त, दोघं एकाच दिवशी प्लांटात लागलेले. तो म्हणाला, श्रद्धांजलीच्या पानावर माझ्या बायकोचा, अंजनाबाईचा फोटो कपाळापासून कापला गेला आहे, कुंकू दिसत नाही, जरा नीट करून दे. एवढंच. सरळ बोलणं होतं. पण ऐंशी माणसांसमोर साइटची चूक निघाली आणि देवाजीचं डोकं सटकलं.

"जिती होती तवा तिच्याकडे पाहाले तुले फुरसत नव्हती. आता फोटो पाहून राहिला काय?"

कवडूनं दाराशी जाऊन आपल्या चपला शोधल्या आणि तो मरोद्याला आपल्या घरी निघून गेला.

फोटो देवाजीनं दुसऱ्याच दिवशी नीट केला. तोंडातून गेलेलं कसं नीट करणार? त्याला स्वतःची लाज वाटत होती, घास गोड लागत नव्हता. आठवड्यानं मंडळाचे अध्यक्ष भय्याजी कवडूचा निरोप घेऊन आले. चार लोकांत बोलला, तर चार लोकांतच माफी माग, नाहीतर माझ्या दारात येऊ नको. पुढची सभा वर्षानं होती. आणि खरं सांगायचं तर सभेत उभं राहून माफी मागायची देवाजीची छातीच नव्हती. मग त्यानं मनाशी ठरवलं, साइटवर लिहू. चार काय, दीडशे घरं वाचतील.

लिहायला तीन दिवस लागले. 'मी कवडूले भर सभेत जे बोललो ते खोटं होतं. अंजनाबाई दोन वर्षं अंथरुणावर होती. तिची वेणी रोज कवडूच घालत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. जिभेला हाड नसते, पण मला अक्कल पाहिजे होती. मी सर्वांसमोर त्याची माफी मागतो.'

त्यानं सेव्हचं बटण दाबलं. पान समोर आलं. वर मंडळाचं नाव, मधोमध त्याची माफी. त्याला एकदम हलकं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली.

मग वाट पाहणं सुरू झालं. रोज सकाळी चहाआधी तो कॉम्प्युटर उघडायचा, पासवर्ड टाकायचा आणि पान जागेवर आहे की नाही ते पाहायचा. असायचंच. आठवडा गेला, पंधरवडा गेला. कवडूचा फोन नाही. बाजारात भय्याजी भेटले, तर भाजीचे भाव आणि आपली शुगर यावरच बोलत राहिले. देवाजीला वाटलं, माणूस समजदार आहे, जखमेवर बोट ठेवत नाही. मंडळात कोणीच त्या पानाचं नाव काढलं नाही, आणि आपण होऊन कसं विचारणार?

महिना उलटला तेव्हा मात्र तो खचला. माफी मागितली, जगजाहीर मागितली, आणि तरी दोस्त येत नाही. म्हणजे गेला तो कायमचा. सीमाला म्हणाला, आता ह्या साइटमध्ये जीव लागत नाही, दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका.

आणि डिसेंबरात एका सकाळी स्मृती नगरातल्या देवाजीच्या घरासमोर कवडूची स्कूटर थांबली.

कवडू आत आला, खुर्चीवर बसला, पाणी प्याला.

"रविवारी अंजनाची बरसी आहे, वरीस झालं तिले जाऊन," कवडू म्हणाला. "तू येजो. पंगतीत तू नसला तर तिले चालन का?"

देवाजीचे डोळे भरून आले. पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"साइटवर मी लिवलं, ते वाचलं ना तू?"

कवडूनं त्याच्याकडे पाहिलं. मग हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"वाचलं."

"सारं?"

"सारं वाचलं गा. काढून टाक आता ते. झालं ना."

दोघांनी चहा घेतला. बोलणं मग गुडघ्यांवर गेलं, जुन्या शिफ्टांवर गेलं, बरसीच्या स्वयंपाकावर गेलं. जाताना कवडूनं देवाजीच्या पाठीवर हात ठेवला आणि रविवारी लवकर यायला बजावलं.

स्कूटर वळणापार झाल्यावर देवाजी कॉम्प्युटरपाशी बसला. पान पुसून टाकायचं त्याच्या जिवावर येत होतं. आयुष्यात त्यानं एवढं खरं दुसरं काही लिहिलं नव्हतं. त्यानं सीमाला हाक मारली.

"हे पान असं ठेवता येते का, की फक्त मले दिसन अन् बाकी लोकायले नाही?"

सीमा त्याच्या खांद्यावरून वाकली. तिनं पानाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली, मग खात्रीसाठी आपल्या मोबाइलवर मंडळाची साइट उघडून पाहिली.

"बाबा, तुम्ही हे नुसतं सेव्ह केलं होतं, पब्लिश केलंच नाही," ती म्हणाली. "हे पहिल्या दिवसापासून तुमच्याशिवाय कोणालेच दिसलं नाही."