फितूर डबा

म्हातारा बोलेनासा झाला, ही म्हातारीची तक्रार होती. सकाळपासून मागच्या दारी खुर्चीत. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर विचारायचा नाही. "ऊन तोंडावर आलंय, खुर्ची तरी सरकवा," ती म्हणायची. खुर्ची तिथंच, म्हातारा तिथंच.

मुलानं रोपवाटिकेत चाळीस डबे बसवले तेव्हापासूनचं हे. मुठीएवढा डबा, खाली मातीत खुपसलेली सळई. माती कोरडी पडली की डबा शेजारच्या डब्याला सांगतो, तो पुढच्याला, असं करत बातमी मुलाच्या मोबाईलवर. नळ आपोआप सुटतो. तार नाही, माणूस नाही.

त्याआधी सगळं म्हाताऱ्याच्या बोटावर चालायचं. पहाटे वाफ्यात दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हिला उद्यापर्यंत दम आहे." ती नवी नवरी होती तेव्हा हसायची. "नाडी बघताय की काय?" पुढे सगळं घर त्या बोटावर उभं राहिलं. नखांतली माती जेवतानाही निघायची नाही, त्यावरून तिनं तीस वर्षं त्याचं डोकं खाल्लं. आता नखं स्वच्छ होती. तिला ती बघवत नव्हती.

मग चौदा नंबरचा डबा बिघडला. दोनदा पाणी सुटलं तरी कोरडंच सांगायचा. मुलानं सेल बदलून पाहिला. शेवटी म्हणाला, "बाबा, जरा बघून येता?"

म्हातारा गेला, बोट खुपसून आला. "ओली आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात रोज दाढी होऊ लागली. एकदा तर भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. म्हातारी मनातून सुखावली. तोंडानं म्हणाली, "वरून घ्या. हात आहेत."

पंधराव्या दिवशी मुलानं चौदा नंबरखालची माती उकरली. सळई एका वाटीत रोवलेली होती. वाटीत कोरडी वाळू.

"बिघडला नाही, फितूर केलाय कुणीतरी," तो म्हणाला. "याचं ऐकून रोज बाबा बघायच्या आतच अख्ख्या रांगेला पाणी गेलं. तीनशे रोपांची मुळं कुजली. एक घरभेदी निघाला की बाकीच्या एकोणचाळिसांवर भरवसा कसा ठेवू?"

त्यानं खुरपणाऱ्या बाईकडे पाहिलं. अठरा वर्षं या वाफ्यांना तिचाच हात. "बाई, उद्यापासून येऊ नका."

म्हातारी पुढे सरली, पण म्हातारा आधी बोलला.

"वाळू मी घातली. करमत नव्हतं."

मुलानं वाटी उपसून बाजूला टाकली. मग बाईला "चुकलो" म्हणाला आणि कुजलेली रोपं उपटायला तिला घेऊन गेला.

वाळू तर म्हातारीनं घातली होती. रोज पहाटे, घर उठायच्या आत, ताजी.

"कधी कळलं?" तिनं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. बी राखायला इतकी बारीक वाळू इथं दुसरं कोण चाळतं?"

"मग पंधरा दिवस फेऱ्या कशाला मारल्या?"

"तू बोलावत होतीस ना."

म्हातारीनं वाटी उचलली, उलटी करून झटकली.

"तुमच्यापेक्षा तो डबा बरा," ती म्हणाली. "खोटं का होईना, तहान लागली म्हणून सांगतो तरी."