टेकू

"झाकण उघडू नकोस, मशीन बंद पडेल," बहीण म्हणाली. भावाने हात मागे घेतला. सकाळपासून दोघांत झालेलं हे सगळ्यात लांबलचक बोलणं.

बहिणीच्या कार्यशाळेत लाकूड कापणाऱ्या लेझरच्या मशीनमध्ये बाबांच्या कपाटाच्या पाठीची फळी होती. कपाट वाळवीने खाल्लं, ही पातळ फळी तेवढी वाचली. बाबांची पुस्तकं दोघांनी वाटून घेतली होती. आता या फळीतून पुस्तकांना दोन बाजूंनी धरणारे दोन टेकू कापायचे आणि दोघांनी एकेक न्यायचा, असा आईचा हुकूम होता. एकाच टेकूने पुस्तकं उभी राहत नाहीत, हे आईला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

पहिला टेकू कापून झाला होता, दुसरा चालू होता. ठिणग्या विझवणारा हवेचा पंप शेजारी घरघरत होता आणि बहिणीला त्या आवाजाचा केवढा तरी आधार वाटत होता. लाकडाचा तुकडा काय, कुरियरनेही पाठवता आला असता. भाऊ एवढ्या लांबून कशासाठी आलाय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांशी भांडून तो घराबाहेर पडला, तो परत आला थेट बाबा गेल्यावर. आधीचा महिनाभर ते अंथरुणाला खिळून होते, आणि त्याला कुणी कळवलं नव्हतं.

त्याचे ओठ हलले. ऐकू येत नाही, असं तिने हातानेच सांगितलं. तो पुन्हा काही बोलला, तिने पुन्हा तोच हात केला. मग त्याने वाकून पंपच बंद केला.

"मला कळवू नका, असं बाबांनीच सांगितलं होतं का?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर ती सुटली असती. मेलेला माणूस काही खोटं पाडायला येत नाही. तिच्या जिभेवर तो शब्द आलासुद्धा. पंप बंद असताना लेझर चालू ठेवायचा नाही, हे ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगायची. आणि आज तीच नुसती बघत उभी राहिली.

फळीवरच्या जुन्या पॉलिशने पेट घेतला. ज्योत झाकणापर्यंत चढली. "अगं!" भाऊ ओरडला, तेव्हा ती भानावर आली. तिने मशीन बंद केलं, झाकण उघडलं आणि ओला टॉवेल टाकून आग दाबली. खोली धुराने भरली. दुसऱ्या टेकूचा अर्धा कोळसा झाला होता.

"नाही," ती खोकत म्हणाली. "बाबांनी नाही सांगितलं. ते रोज तुझी आठवण काढायचे. मी आईला सांगितलं, 'फोन केला, तो उचलत नाही.' मी केलाच नव्हता."

"का?"

"औषधपाणी मी करायचे, रात्ररात्र उशाशी मी बसायचे. आणि त्यांच्या तोंडी तू. मला नाही सहन झालं."

भावाने शाबूत टेकू उचलून पिशवीत टाकला आणि तो दाराकडे निघाला. तिने थांबवलं नाही. कोणत्या तोंडाने थांबवणार?

दारात तो थांबला. चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेला, केस पिकलेला तो उंच माणूस तसाच पाठमोरा उभा राहिला.

"काय म्हणायचे?"

तिला आधी कळलंच नाही.

"बाबा. काय म्हणायचे मला?"

"म्हणायचे," ती म्हणाली, "बुटक्या आला का गं?"