पिंगळी रोडची शिकलेली पोरं

"व्हय का न्हाई, सांगून टाक एकदा," व्यंकटराव दबक्या आवाजात म्हणाले. "नुसतं बीएस्सी म्हणायचं. विद्यापीठाचं नाव काढायचं न्हाई."

शाळेच्या व्हरांड्यात सिताराम भिंतीला टेकून उभा होता. आत पुण्याचे साहेब बसले होते, पंपाचा कारखाना काढायला निघालेले. परभणीच्या कडेला, पिंगळी रोडला वाढलेली ही वस्ती त्यांच्या मनात भरली होती ती काही पाण्यासाठी नव्हे; पाण्याच्या नावानं तर इथं बोंबच होती. त्यांना पाहिजे होती शिकलेली पोरं, आणि ती इथं गल्लोगल्ली पडली होती. बीएस्सी झालेला पानपट्टी चालवायलाय, आयटीआय झालेला पाटलाच्या म्हशी राखायलाय. शिक्षण घरात आलं होतं, पण त्याला बसायला पाट कुणी मांडला नव्हता.

"साहेबानं पयलंच सांगितलंय," व्यंकटराव आणखी जवळ सरकले. वस्तीचे पुढारी तेच, साहेबांना इथवर आणलं तेही त्यांनीच. "जिथं माणसं एका छताखाली काम करत न्हाईत, तिथं मी मशीन बसवणार न्हाई म्हणून. आपल्या जिल्ह्यातल्या जाळपोळीचं त्यानं पेपरात वाचलंय. तू ते नाव घेतलंस की आमची पोरं उठणार. आन पोरं उठली की साहेबाची जीप थेट नांदेडला!"

आमची पोरं म्हणजे त्यांचाच चंद्रभान आणि त्याचे सोबती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव नको म्हणून यष्ट्या अडवणारे. सिताराम ते नाव पाहिजे म्हणून मोर्चात जाणारा. दोघं परभणीच्या एकाच कॉलेजात शिकले, एका बाकावर कधी बसले नाहीत, आणि आता दोघंही सारखेच रिकामे.

व्यंकटरावांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच सितारामला लय राग येत होता. मोर्चात घोषणा देणं सोपं असतं, तिथं सगळी आपलीच माणसं. सकाळी खुरपायला निघताना आई, सरजाबाई, म्हणाली होती, "बाबा, डोकं फिरू देऊ नको. माझ्या गुडघ्यात आता दम न्हाई." मग दारातून परत फिरली. "पण त्या नावापायी आपलं घर जळालं, हे बी ध्यानात ठेव." दोन्ही सांगून मोकळी झाली आणि गेली बाई रानात. आता करावं काय पोरानं?

आतून हाक आली. वर्गात डावीकडं पाटील गल्लीतली पोरं, उजवीकडं भीमनगरची, मधे खाट मावेल एवढी जागा. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच तशी बसली होती. साहेब एकेकाला उभं करून विचारत होते. "बीकॉम." "आयटीआय, फिटर." सगळे जपून बोलत होते.

"तुम्ही?"

"सिताराम आश्रुबा वाव्हळे. बीएस्सी, फिजिक्स. फर्स्ट क्लास."

"वा! कोणतं विद्यापीठ?"

तोवर हे कुणालाच विचारलं नव्हतं. फर्स्ट क्लास ऐकून साहेबांनी कौतुकानं विचारलं, एवढंच. दारात व्यंकटरावांनी डोळे मिटले.

'मराठवाडा विद्यापीठ' म्हणायला काय लागतं? पदवीवर तेच छापलेलं होतं. नोकरी लागली असती, आईच्या हातातलं खुरपं सुटलं असतं. ते छापील नाव सितारामच्या अगदी जिभेवर आलंही होतं.

"डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ," तो म्हणाला. नाव पुरतं बाहेर आलं.

बाकं करकरली. डावीकडची पोरं ताडकन उठली. ती उठली म्हणून उजवीकडची उठली.

"कुठाय रे आसलं विद्यापीठ? दाव की!" कुणीतरी ओरडलं.

"बसा रे, पाया पडतो, बसा!" व्यंकटराव दारातून हात जोडायला लागले. साहेबांनी आपली बॅग जवळ ओढली. गेली जीप नांदेडला, सितारामला वाटलं. आपल्या एकट्याचा नव्हे, साऱ्या वस्तीच्या तोंडचा घास आपण घालवला. तरी तो खाली बसला नाही.

साहेब मात्र उठले नाहीत. त्यांनी डावीकडं पाहिलं. सगळ्यांत पुढं चंद्रभान उभा होता, मुठी आवळून.

"तुम्ही उभेच आहात. तुमचं शिक्षण?"

"बीएस्सी. केमिस्ट्री."

"कोणतं विद्यापीठ?"

चंद्रभाननं सोबत्यांकडं पाहिलं, दारातल्या बापाकडं पाहिलं. बापाच्या जिवावर बसून खाल्लेली भाकरी त्याच्या घशात आडवी आली असावी. तो वळला, सितारामच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि दातावर दात ठेवून म्हणाला,

"ह्याचंच."