ज्याचं त्याला

घरातल्यांचे विचार एकमेकांच्या डोक्यात पोचवणारा जुना ब्रिज काढून तंत्रज्ञाने स्विच बसवला, आणि इंदुमतीकाकूंना काहीच ऐकू येईना.

"ब्रिज तुमच्या दोन फ्लॅटच्या मध्ये होता, काकू. एका फ्लॅटमधले सगळे सगळ्यांचं ऐकायचे, पलीकडच्या फ्लॅटमध्ये मात्र तिथल्यांसाठी असलेलंच जायचं. स्विच प्रत्येकाला वेगळी लाइन देतो. विचार ज्याच्यासाठी, त्यालाच पोचतो."

"मग भाजीत मीठ कमी पडलं तर मला कसं कळणार?"

"सूनबाई तुम्हाला उद्देशून मनात म्हणाल्या, तर कळेल."

रात्री काकांसकट सगळे मुकाट्याने जेवले. भाजी आवडली की नुसती संपवली, काकूंना उमजेना. त्यांनी तंत्रज्ञाला फोन लावला.

"अरे, तुझा स्विच बंद पडलाय."

त्याने तिकडूनच तपासलं. "व्यवस्थित चालू आहे, काकू. तुमच्यासाठी अजून काही आलेलं नाही."

"यांचंसुद्धा नाही?"