माळ्यावरचा टायर

"मागचा डावा टायर सहा वर्षं चार महिन्यांचा आहे. घाटात फुटण्याची शक्यता शंभरात सात," गाडी शांतपणे म्हणाली. "तरी निघायचं असल्यास अंगठा लावा."

"सहा वर्षांचा कसा?" स्टिअरिंगवर बसलेले शाल्मलीचे सासरे चिडले. "सहा दसऱ्यांमागे घेऊन कोराच माळ्यावर जपून ठेवलेला. कालच तर बसवला."

"अण्णा, रबर माळ्यावरही म्हातारं होतं," मागून शाल्मली म्हणाली.

तिच्या मांडीवर आठ महिन्यांची ओवी तापाने फणफणली होती. डॉक्टर घाट उतरून चाळीस मिनिटांवर होते आणि नवा टायर उद्या दुपारी येणार होता.

"आमच्या वेळी गाडी तोंड उघडत नव्हती. बसायचो नि निघायचो," अण्णा पुटपुटले, पण त्यांचा अंगठा काही गाडीच्या पडद्यावर टेकेना.

शाल्मलीने मनाशी त्र्याण्णव धरून पाहिले. मन पुन्हा सातावरच येऊन बसे. ओवी कण्हली, तशी ती उठली. डावीकडची बाळाची खुर्ची सोडवून तिने उजवीकडे बांधली, ओवीला तीत बसवले आणि स्वतः त्या डाव्या चाकावरच्या जागेत सरकली.

"लावा अंगठा, अण्णा," ती म्हणाली. "आणि हळू घ्या."